निवळशंख बाटलीच्या तळाशी

आषाढातले पहिले दोन जोराचे पाऊस झाले की आर्णीतून वाहणारी अरुणावती रंग पालटते. कापसाच्या काळ्या रानांतून धावत आलेले पाणी तिला मिळते आणि पुढे पैनगंगेच्या वाटेवर ती दुधाळ चहासारखी दिसू लागते. काठच्या विहिरींनाही थोडाफार गढूळपणा येतो. अशा दिवसांत पाणी कसे वापरायचे, हे वऱ्हाडातल्या घरांना कोणी शिकवावे लागत नाही. तुरटीचा खडा पाण्यात चार-सहा वेळा फिरवायचा आणि घागर रात्रभर हलवायची नाही. जुन्या घरांत यासाठी निवळीचे बी असे. ते माठाच्या आतल्या अंगाला उगाळून लावले, की सकाळी गाळ खाली आणि निवळशंख पाणी वर.

ते पाणी वाटीत घेऊन उजेडात धरले, तर वाटीचा तळ स्पष्ट दिसतो. पण म्हणून ते लहान मुलाला द्यावे का? आजी म्हणेल, का नाही, काचेसारखे तर आहे! डॉक्टर म्हणतील, उकळल्याशिवाय नको. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, पण आजीचा आधार डोळ्यांचा आणि डॉक्टरांचा आधार एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टाचा आहे. लुई पाश्चर हे त्या माणसाचे नाव. आर्णी कुठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण आर्णीतल्या कोणत्याही घरात आज ते हजर असतात. दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द असतो, तो त्यांच्या नावावरून आलेला. पाण्याच्या फिल्टरमधली पांढरी कॅन्डल त्यांच्या प्रयोगशाळेच्या वंशातली. कुत्रे चावल्यावर सरकारी दवाखान्यात घ्यावी लागणारी इंजेक्शने, तीही मुळात त्यांचीच देणगी.

निवळ पाणी आणि निर्मळ पाणी यांत फरक असतो, ही गोष्ट पाश्चर यांच्या हाती लागली ती मात्र पाण्यातून नव्हे. ती लागली दारूच्या पिंपांतून, आणि तिची सर्वांत मोठी परीक्षा झाली बिअरच्या पेल्यात.

बिअर गढूळ का होते?

मद्याचे गोडवे गाण्यासाठी हा लेख नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा आपल्या राज्यात गुन्हाच आहे. परदेशात मात्र घरी बिअर करणे हा कित्येकांचा सुटीचा छंद असतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने त्याला मोकळीक मिळाली. आपली मुले-भाचरे तिकडे जातात, त्यांच्या शेजाऱ्याच्या तळघरात असे एखादे पिंप दिसते, आणि बाटल्या भरण्याच्या दिवशी त्या शेजाऱ्याला सतावणारा प्रश्न नेमका आपल्या घागरीचाच असतो. हे निवळायचे कसे?

आपल्या जंगलपट्ट्यात मोहाच्या फुलांचा सडवा घालतात, तो भट्टीवर चढवतात आणि त्याची वाफ थंड करून दारू काढतात. वाफेबरोबर गाळ वर येत नाही, म्हणून ती दारू दिसायला स्वच्छ असते. बिअरची वाफ धरत नाहीत. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणून ती वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात भिजवून तिचा गोड रस काढतात. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळतात आणि निवल्यावर त्यात यीस्ट घालतात. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. हा आंबलेला रस म्हणजेच बिअर. त्यामुळे रसातली प्रथिने, धान्य व हॉप्समधली तुरट द्रव्ये आणि कोट्यवधी यीस्टपेशी, सारे त्याच भांड्यात तरंगत राहते.

ते खाली बसवण्याचे पहिले औषध म्हणजे धीर. आंबणे पूर्ण होऊ द्यायचे, मग पिंप काही दिवस थंड जागी ठेवायचे. थंडीत यीस्ट जड पावलांनी तळाला जाते. दुसरे औषध म्हणजे जिलेटिन, किंवा माशाच्या वायुपिशवीपासून काढलेला एक चिकट पदार्थ. यीस्टपेशींवर ऋण विद्युतभार असतो, या पदार्थांवर धन. दोघे एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि वजनाने खाली बसतात. तुरटीचे कामही असेच चालते. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, तुरटीतले अॅल्युमिनियम त्यांना एकत्र आणते आणि तयार झालेले मऊ पुंजके आणखी गाळ गुंतवत तळाशी जातात. अरुणावतीकाठची घागर आणि परदेशातले पिंप यांच्यात फक्त पेयाचा फरक, युक्ती एकच.

मग वरची निवळ तेवढी, तळाचा साका न ढवळता, नळीने बाटल्यांत उतरवायची. घरी बिअर करणारा त्या वेळी लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर मिसळतो. बिअर कितीही निवळली तरी तिच्यात थोडे यीस्ट उरलेलेच असते. ते बंद बाटलीत ही साखर खाते आणि फेसासाठी लागणारा वायू तयार करते. त्यामुळे घरगुती बाटलीच्या तळाशी बोटभर जागेत पिठासारखा थर दिसला तर तो दोष समजत नाहीत. आधीचे आंबणे अर्धवट असताना घाईने बाटल्या भरल्या तर मात्र आतला वायू वाढत जातो आणि काच फुटून इजा होते. कधी बिअर थंड केली की धुरकट दिसते आणि कोमट झाली की पुन्हा स्वच्छ. तो प्रथिनांचा व तुरट द्रव्यांचा खेळ असतो, त्यात अपाय नसतो. गव्हाची बिअर तर मुद्दाम गढूळच ठेवतात.

एक गढूळपणा मात्र कशानेच बरा होत नाही. बिअर आंबट होते, तार धरते, कुजका वास मारते. तिच्यात जिलेटिन घालून वरचा भाग काचेसारखा करता येतो, पण आठवड्याने ती पुन्हा गढुळते. हा गढूळपणा यीस्टचा नाही, दुसऱ्याच कोणाचा आहे, हे ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, तो माणूस होता तरी कोण?

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील डोल या गावचा. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढून आलेले आणि पुढे कातडी कमावण्याचा धंदा करणारे. कुटुंब लवकरच आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी राहायला गेले. लुई शाळेत फार चमकणारा नव्हता. त्याचे हात चित्रकलेत रमत. आईवडिलांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपलेली आहेत. १८३८ मध्ये शिकायला पॅरिसला पाठवले, तर घरच्या आठवणीने पोरगा व्याकूळ झाला आणि वडील त्याला परत घेऊन आले. पुढे पदवीच्या परीक्षेत रसायनशास्त्रातली त्याची प्रगती सामान्य असल्याचा शेरा मिळाला. पण चिकटून बसणे हा त्याचा गुण होता. १८४३ मध्ये पॅरिसच्या नामांकित एकोल नॉर्माल या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला.

पाश्चर यांचा पहिला मोठा शोध साक्यातून निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. द्राक्षांच्या दारूच्या पिंपाला आतून जो खडबडीत थर धरतो, त्यातून टार्टरिक आम्ल मिळते. या आम्लाचा एक जुळा भाऊ असा होता की रासायनिक घडण तीच, पण प्रकाशाशी वागणूक वेगळी. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, पाश्चर यांनी त्याच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले. काही स्फटिक उजव्या हातासारखे, तर काही डाव्या हातासारखे निघाले. दोन्ही सारखेच मिसळलेले असल्याने एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकत होता. गृहिणीने तांदूळ निवडावेत तसे स्फटिक निवडून त्यांनी रसायनशास्त्राचे एक नवे दालन उघडले.

१८४९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारीबाई नुसत्या संसार सांभाळणाऱ्या नव्हत्या. रात्री नवरा सांगेल ते टिपून घेणे, लेखांच्या सुवाच्य नकला करणे, त्याच्या तुसडेपणावर पांघरूण घालणे, हे सारे त्यांनी शेवटपर्यंत केले.

१८५४ मध्ये पाश्चर लील या कारखानदारीच्या शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याचे वडील तक्रार घेऊन आले. बिटाच्या रसापासून ते अल्कोहोल काढत, पण काही पिंपे आंबट होऊन वाया जात होती. पाश्चर कारखान्यात गेले, चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतले थेंब घेऊन आले. चांगल्या थेंबात गोलसर यीस्टपेशी होत्या. बिघडलेल्यात त्यांच्याबरोबर बारीक काड्यांसारखे काही वळवळत होते. त्या काळचे बडे रसायनशास्त्रज्ञ मानत की आंबणे ही केवळ कुजण्याची रासायनिक क्रिया आहे आणि यीस्ट हा तिचा मळ आहे. पाश्चर यांनी उलट सांगितले. आंबवणारा जिवंत आहे, आणि बिघडवणाराही जिवंतच आहे. १८५७ मध्ये दूध आंबवणाऱ्या जंतूवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपले दही, ताक, इडलीचे पीठ यांचे शास्त्र त्या निबंधाच्या उंबरठ्यापासून सुरू होते.

हे जीव येतात कुठून? आपोआप जन्मतात, असे सांगणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेले चंबू घेतले, त्यांत पोषक द्रव भरून उकळला आणि नळीचे तोंड उघडेच ठेवले. हवा आत जाई, पण धूळ वळणावर अडके. द्रव महिनोन् महिने स्वच्छ राहिला. चंबू कलता करून तो द्रव वळणातल्या धुळीला लावला, की थोड्याच दिवसांत तो गढुळे. या कामाबद्दल १८६२ मध्ये त्यांना फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या चंबूंत गढूळपणा म्हणजे जीव, असा सोपा हिशेब होता. पण घरादारांतला हिशेब इतका सोपा नाही, हे त्यांना स्वतःच्या घरातच कळायचे होते.

घरातले तीन मृत्यू

१८५९ मध्ये थोरली मुलगी जान आर्ब्वा येथे आजोबांकडे असताना टायफॉइडने गेली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये आधी वडील गेले, मग दोन वर्षांची धाकटी कामीय. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील पुन्हा टायफॉइडनेच गेली. पाच मुलांपैकी तीन मुली बापाच्या डोळ्यांदेखत संपल्या. टायफॉइडचा जंतू तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. तो १८८० मध्ये दिसायचा होता. आज आपल्याला माहीत आहे की हा रोग दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, आणि ते पाणी डोळ्यांना अगदी निवळशंख दिसू शकते.

या वर्षांत पाश्चर थांबले नाहीत. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून त्यांनी द्राक्षांच्या दारूचे रोग तपासले आणि ती ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की टिकते, हे दाखवून १८६६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. उकळायचे नाही, चव मरू द्यायची नाही, फक्त बिघडवणाऱ्यांना गारद करायचे, एवढीच युक्ती. पुढे दुधासाठी तिचा प्रसार झाला. त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधले रेशीमकिडे मरू लागले. किड्यांची काही माहिती नसताना पाश्चर तिकडे गेले आणि पाच-सहा उन्हाळे तिथे राबले. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावे अंग लुळे पडले. वय होते पंचेचाळीस. बिछान्यावरूनच त्यांनी सहकाऱ्यांना प्रयोग सांगायला सुरुवात केली आणि थोडे बरे वाटताच, अडखळत चालत, पुन्हा रेशीमकिड्यांकडे गेले.

रागातून निघालेली बिअर

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. फ्रान्स हरला, पॅरिसला वेढा पडला. पाश्चर यांचा मुलगा सैन्यात होता. त्याची खबर मिळेना, तेव्हा लुळ्या अंगाचा हा बाप जानेवारीच्या बर्फात घोडागाडीतून त्याला शोधत हिंडला, आणि मुलगा सापडला. बॉन विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी त्यांनी त्याच महिन्यात संतापून परत केली. जर्मनांविषयीचा हा राग त्यांच्या मनात कायमचा राहिला. इतर बाबतींत इतका सावध असलेला माणूस या एका बाबतीत कधी निवळला नाही.

या रागाला त्यांनी विधायक वाट दिली ती अशी. बिअर ही जर्मनांची शान. फ्रान्सची बिअर तिच्यापुढे फिकी पडे. तेव्हा फ्रान्समध्ये उत्तम बिअर करून दाखवायची! गंमत म्हणजे पाश्चर यांना स्वतःला बिअरची गोडी नव्हती. दोन बिअरमधला फरकही त्यांना जिभेवर चटकन ओळखता येत नसे. १८७१ मध्ये ते आपल्या शिष्याकडे क्लेर्मों-फेराँ येथे राहिले आणि जवळच्या शामालिएर गावातल्या एका लहान बिअर कारखान्यात जाऊ लागले. यीस्ट कुठून आणता, केव्हा बदलता, बिअर कशी बिघडते, असे प्रश्न त्यांनी कारखानदाराला विचारले. बहुतेक उत्तरे एकाच प्रकारची होती, वाडवडील करत आले तसे करतो.

सप्टेंबर १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड या प्रचंड कारखान्यात गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी आपले यीस्ट दाखवले. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक लावला. यीस्टच्या गोल पेशींमध्ये रोगट तंतू मिसळलेले होते. त्यांनी सांगितले की ही बिअर टिकणार नाही, तुमच्याकडे आधीच काही माल बिघडलेला असला पाहिजे. मंडळी जरा चुळबुळली आणि शेवटी त्यांनी कबूल केले की खरेच, बराच माल खराब होऊन पडला आहे. आठवड्याभराने पाश्चर पुन्हा गेले, तेव्हा कारखान्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता.

तोपर्यंत बिअरवाल्यांचे सारे लक्ष पेला कसा दिसतो यावर असे. गढूळ दिसली की निवळायची, निवळली की विकायची. पाश्चर यांनी प्रश्नच बदलला. गढूळ आहे की स्वच्छ, हे नंतर. आधी आत कोण आहे ते पाहा. यीस्टचा गढूळपणा असेल तर थांबा, तो आपोआप खाली बसेल. रोगट जंतू असतील तर निवळून उपयोग नाही, कारण वर राहिलेल्या चार-दोन जंतूंना बाटलीत वाढायला वेळ भरपूर आहे. म्हणून त्यांनी उपाय सांगितला तो निवळण्याच्या आधीचा. रस उकळा, बंद भांड्यात निववा, धुळीची हवा लागू देऊ नका, यीस्ट शुद्ध वापरा आणि टिकवायची असेल तर भरलेल्या बाटल्या ५० ते ५५ अंशांपर्यंत तापवा. जर्मन पद्धतीत बर्फाचा खर्च का लागतो, याचेही कोडे त्यांनी सोडवले. थंडीत यीस्टचे काम चालते, पण बिघडवणारे जंतू जवळजवळ झोपतात. १८७६ मध्ये बिअरवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फ्रान्सची बिअर त्यामुळे जर्मनीच्या पुढे गेली असे काही झाले नाही. त्यांची बंद भांडी सर्वांनी जशीच्या तशी उचललीही नाहीत. पण डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गचे मालक याकोबसेन यांनी हे काम इतके मानले की पाश्चर यांचा अर्धपुतळा करून घेतला. त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तयार केले. त्यांनी पाश्चर यांच्या पुढचे एक पाऊलही टाकले. बिघडवणारे नेहमी जंतूच नसतात, रानटी यीस्टही असते, आणि दिसायला ते चांगल्या यीस्टसारखेच असते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे डोळाच काय, सूक्ष्मदर्शकही एकटा पुरत नाही.

१८७६ हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील दारूपायी अकाली गेले. पुढे गाडगेबाबा होऊन या माणसाने हाती खराटा घेतला आणि गावोगावी घाण झाडत लोकांना दारू सोडायला सांगितले. एकाने भिंग घेतले, दुसऱ्याने खराटा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण वरवर ठीक दिसते त्यावर विसंबू नका, हा हट्ट दोघांचाही सारखाच.

पेल्यातून माणसाकडे

दारू आजारी पडते ती जंतूंमुळे, तर माणूस का नाही? हा विचार पाश्चर यांच्या मनात वीस वर्षे घोळत होता. १८७७ पासून ते जनावरांच्या काळपुळी रोगाकडे वळले, मग कोंबड्यांच्या कॉलऱ्याकडे. जंतू दुबळे करून टोचले तर शरीर लढायला शिकते, हे त्यांच्या हाती आले. १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथे भर लोकांसमोर प्रयोग झाला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या.

त्यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये झिलई न दिलेल्या, म्हणजे साध्या चिनीमातीच्या पोकळ कांडीतून पाणी गाळण्याचे साधन केले. तिची छिद्रे इतकी बारीक की जंतू बाहेरच अडकत. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधल्या कॅन्डलचे हे खापरपणजोबा. पण गोष्ट इथेही संपली नाही. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस याच कांडीतून गाळला. रस जंतुविरहित निघाला, तरीही निरोगी रोपाला लावल्यावर रोग झालाच. विषाणूंच्या शोधाची ती पहिली खूण होती. निवळलेल्यापेक्षा गाळलेले बरे. पण गाळलेल्यातही कोणी असू शकते.

लहानपणी, १८३१ मध्ये, आर्ब्वाच्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने धुमाकूळ घातला होता. चावलेल्यांच्या जखमा तापल्या लोखंडाने डागल्या जात, ते लुईने ऐकले-पाहिले होते. ६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधून नऊ वर्षांचा जोझेफ माइस्टर आईबरोबर त्यांच्या दारी आला. कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी फाडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते. सुई टोचण्याचा अधिकार त्यांना नव्हता. डॉक्टरांनी टोचले, पाश्चर यांच्या रात्री जागून गेल्या. मुलगा वाचला. तीन लेकी गमावलेल्या बापाला त्या रात्री कशा गेल्या असतील, हे समजायला शास्त्र लागत नाही. लोकवर्गणीतून पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली, १८८८ मध्ये तिचे उद्घाटन झाले. त्याच संस्थेतून शिकून आलेले वाल्देमार हाफकिन १८९६ च्या मुंबईच्या प्लेगमध्ये धावून आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ही त्या नात्याची आपल्याकडची खूण.

पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. तो दिवस आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

चरित्राचा साका

थोर माणसांची चरित्रे आपण फार निवळून घेतो. तळाचा गाळ तसाच ठेवून वरचे स्वच्छ पाणी मुलांना पाजतो. पाश्चर यांच्या बाबतीतही शंभर वर्षे तसेच झाले. आपल्या प्रयोगांच्या वह्या कोणाला दाखवू नका, असे त्यांनी घरच्यांना सांगून ठेवले होते. पुढे नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, अभ्यासकांना त्या वाचायला मिळाल्या, आणि १९९५ मध्ये जेराल्ड गायसन या अमेरिकी इतिहासकाराने त्यांवर पुस्तक लिहिले. पुई-ल-फोरच्या मेंढ्यांना दिलेली लस पाश्चर यांच्या स्वतःच्या पद्धतीची नव्हती. ती शांबरलाँ यांच्या रासायनिक पद्धतीने केलेली होती, आणि हे त्यांनी लोकांना सांगितले नव्हते. माइस्टरला टोचण्यापूर्वी त्या विशिष्ट पद्धतीचे प्राण्यांवरचे प्रयोगही पुरते झालेले नव्हते. यावर अभ्यासकांत वाद झाले आणि गायसन यांच्यावरही टीका झाली. पण वह्या वह्याच राहिल्या.

म्हणून पाश्चर लहान होतात का? लस खरी होती, मुलगा वाचला, दूध टिकले. पण आत काय आहे ते पाहा, असे जगाला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाटलीवर झाकण घट्ट लावून ठेवले होते, हेही खरे. त्यांच्याच शिकवणीने त्यांच्याकडे पाहायचे, तर साका लपवायचा कशाला? घरगुती बिअरच्या बाटलीतला तळचा थर तिच्या जिवंतपणाची खूण असतो. माणसाचेही तसेच.

आपल्या दारात या शिकवणीचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. तशा दारूत मिथेनॉल असते आणि ते पाण्यासारखेच रंगहीन दिसते. गढूळ दिसले असते तर कदाचित कोणी पेला खाली ठेवलाही असता.

जुन्या संस्कृत ग्रंथकारांनी निवळीच्या बीवरून एक दृष्टान्त दिला आहे. नुसते तिचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, ती उगाळावी लागते, असा त्याचा भाव. त्यात आता एवढीच भर घालायची की उगाळूनही काम अर्धेच होते. तुरटी, निवळी टाकून देऊ नका. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या आड लपतात, म्हणून आधी निवळणे चांगलेच. मग वरचे पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओता, त्याला खळखळून उकळी आणा किंवा सांगितल्या मापाने क्लोरीनचे थेंब घाला, आणि झाकून ठेवा. आषाढात गॅसवर चढलेले ते पातेले पाहून घरातले कोणी म्हणेल, अहो, पाणी तर चांगले स्वच्छ आहे, उकळता कशाला? त्यांना जान आणि सेसील या दोन मुलींची गोष्ट सांगा.